मेस्त्रीनं बंपर उघडायच्या आधी : गाडी ठोकल्यावर इन्शुरन्सचा क्लेम कसा करायचा

गाडी ठोकली की आपण पहिला फोन घरी करतो, दुसरा ओळखीच्या मेस्त्रीला, आणि इन्शुरन्स कंपनीची आठवण येते ती गाडी गॅरेजला लागून अर्धी खोलून झाल्यावर. मी पण अगदी हेच केलं. डिसेंबरातली गोष्ट, कारखाने फुल चालू, रात्री साडेआठच्या सुमारास पेठ नाक्याहून आष्ट्यामार्गे सांगलीला येत होतो आणि समोर उसाची डबल ट्रॉली, मागं ना लाल दिवा ना रेडियम, समोरून येणाऱ्या गाडीचा अप्पर डोळ्यावर, ब्रेक मारेपर्यंत बॉनेट ट्रॉलीखाली आणि दोन ऊस काचेतून आत. नशीब, डाव्या बाजूला कुणी बसलेलं नव्हतं. मला खरचटलं तेवढंच. पण पुढचा दीड महिना त्या क्लेमनं जे नाचवलं त्यातून जे कळलं ते इथं लिहितोय, कारण हंगाम दरवर्षी येतो आणि ट्रॉल्या तशाच असतात.

आधीच एक सांगून ठेवतो, तुमच्याकडं नुसतं थर्ड पार्टी असेल तर हे बरंचसं तुमच्या कामाचं नाही. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळं दुसऱ्याचं जे नुकसान झालं ते, कायद्यानं तेवढंच सक्तीचं आहे. स्वतःच्या गाडीचे पैसे मिळायला पॉलिसीत ओन डॅमेज लागतं, ज्याला आपल्याकडं फुल इन्शुरन्स म्हणतात. लई जणांना ठोकल्यावर कळतं की एजंटनं स्वस्तात काढून दिलेला कागद नुसता थर्ड पार्टीचा होता, म्हणून आत्ताच मोबाईलमध्ये पॉलिसी उघडून बघा, पुढचं नंतर वाचा.

रस्त्यावरचा पहिला अर्धा तास

माणसं आधी. कुणाला लागलं असेल तर १०८, पोलीस ११२, आणि पुणे-बेंगळुरू हायवेवर असाल, म्हणजे खंबाटकीपासून कासेगावपर्यंत कुठंही, तर १०३३ वर फोन केला की हायवेची गस्तीची गाडी आणि क्रेन येते. चारी इंडिकेटर चालू करा, मागं पन्नासेक पावलांवर तो लाल त्रिकोण ठेवा, नसेल तर झाडाची फांदी टाका, पण स्वतः रस्त्यात उभं राहून मोबाईलवर बोलू नका, खंबाटकीच्या बोगद्यानंतरच्या त्या वळणावर दुसरी गाडी येऊन आदळायला वेळ लागत नाही.

मग फोटो. गाडी हलवायच्या आधी. लोक फक्त चेपलेल्या बंपरचे जवळून चार फोटो काढतात, त्याचा उपयोग कमी. लांबून काढा, दोन्ही गाड्या एका फोटोत, नंबर प्लेट दिसेल असं, मागं एखादी पाटी, हॉटेल, मैलाचा दगड दिसेल असं. रस्त्यावर पडलेल्या काचा, ब्रेकचे वळ, सांडलेलं ऑइल. आणि एक व्हिडिओ, गाडीभोवती चालत फिरून, तोंडानं तारीख, वेळ, जागा बोलत. मी व्हिडिओ काढला तो खरं तर मेव्हण्याला पाठवायला, म्हणलं बघा काय झालंय, पण त्याच्यात रेडिएटरमधून हिरवं कूलंट रस्त्यावर वाहत होतं ते आलं आणि त्या पाच सेकंदांनी मला नंतर सहा हजार रुपये वाचवून दिले, ते पुढं सांगतो.

समोरच्याचा गाडी नंबर, लायसन्स, इन्शुरन्सचा कागद यांचे फोटो घ्या. आसपासच्या टपरीवाल्याचा नाहीतर धाब्यावाल्याचा नंबर घ्या, साक्षीदार म्हणून उद्या तोच उभा राहतो. आणि भांडू नका राव, आमच्या ट्रॅक्टरवर विशीतलं पोरगं होतं, माझ्यापेक्षा तेच जास्त थरथरत होतं.

आता आपल्याकडची आवडती गोष्ट, "दादा, जागेवर मिटवून टाकू." किरकोळ ओरखडा असेल आणि तुम्हाला क्लेमच करायचा नसेल तर मिटवा, काही बिघडत नाही. पण क्लेम करायचा विचार असेल तर कुठल्याच कागदावर सही करू नका, "चूक माझी होती" असं लिहून देऊ नका, आणि समोरच्याला पैसे देतो म्हणून कबूल करू नका. पॉलिसीतच अट असते की कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय विमेदारानं कबुली, तडजोड, पैशाचा वायदा यातलं काही करायचं नाही. पाच हजार घेऊन "माझी काही तक्रार नाही" लिहून दिलं आणि नंतर गॅरेजवाल्यानं पन्नास हजारांचा आकडा काढला, अशी माणसं मी बघितलीत.

पोलिसांत जायचं का? नुसता पत्रा चेपला असेल, कुणाला लागलेलं नसेल, तर स्वतःच्या गाडीच्या क्लेमला प्रत्येक वेळी एफआयआर लागत नाही. पण कुणाला लागलं असेल, समोरचा पळून गेला असेल, सरकारी मालमत्ता मोडली असेल किंवा नुकसान मोठं दिसत असेल तर स्टेशनला नोंद कराच, आणि नोंद केली की तिची प्रत घ्या, पंचनामा झाला असेल तर त्याचीही. मी आष्ट्याला साधी नोंद करून आलो, तासभर गेला, पण पुढं सर्व्हेअरनं, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान बघायला येणाऱ्या माणसानं, पहिला प्रश्न तोच विचारला.

एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही. चालवत होता पोरगा, त्याच्याकडं लायसन्स नाही, म्हणून कागदावर बापाचं नाव टाकायचं. गावात हे सर्रास चालतं आणि सगळ्यांना वाटतं कुणाला कळतंय. दवाखान्याच्या केसपेपरवर ड्रायव्हर म्हणून कुणाचं नाव आहे, पोलिसांत काय लिहिलंय, फोनवर पहिल्यांदा काय सांगितलं, हे सगळं जुळवून बघायला कंपनीचा तपासणीस घरी येतो, शेजाऱ्याकडं चहा पिऊन जातो. एक खोटं सापडलं की अख्खा क्लेम गेला, खरं नुकसान झालेलं असलं तरी.

कंपनीला कळवणं म्हणजे एजंटला कळवणं नव्हे

माझी पहिली चूक. मी एजंटला फोन केला, तो म्हणाला "टेन्शन घेऊ नका साहेब, मी बघतो", आणि मी निवांत झोपलो. एजंट माणूस चांगला आहे पण त्यानं कळवलं दोन दिवसांनी. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर किंवा ॲपवर स्वतः नोंद करा, त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि क्लेम नंबर मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. तो नंबर म्हणजे तुमचा सातबारा.

फोनवर थोडं आणि खरं बोला. कधी, कुठं, कोण चालवत होतं, काय झालं, कुणाला लागलं का. "मी जरा स्पीडमध्येच होतो", "डुलकी लागली असेल बहुतेक" असले अंदाज लावत बसू नका, कॉल रेकॉर्ड होतो. मग तेच मेलवर टाका, एवढंच पुरे : "माझी गाडी, नंबर अमुक, पॉलिसी नंबर अमुक, हिचा अमुक तारखेला रात्री ८.३० वाजता आष्टा रस्त्यावर उभ्या उसाच्या ट्रॉलीला मागून धडकून अपघात झाला. गाडी मी स्वतः चालवत होतो. गाडी अमुक गॅरेजला आहे. सर्व्हेअर कधी येणार ते कळवावे, तोपर्यंत गाडी खोललेली नाही." शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे.

उशीर झालाच असेल तर घाबरून क्लेम सोडू नका. विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, २०११ च्या सप्टेंबरातच कंपन्यांना सर्क्युलर काढून सांगितलंय की न टाळता येण्यासारख्या कारणानं कळवायला उशीर झाला तर नुसत्या उशिरावरून खरा क्लेम नाकारू नका. दवाखान्यात होतात, फोन फुटला होता, जे असेल ते कारण लेखी द्या. माझे दोन दिवस असेच निभावले.

टोचन, गॅरेज आणि कॅशलेसचा गैरसमज

गाडी चालत असली तरी रेडिएटर फुटलेला असेल, ऑइल गळत असेल तर चालवत नेऊ नका. "गॅरेजपर्यंत तर जाईल की" म्हणून दहा किलोमीटर नेली आणि इंजिन गरम होऊन बसलं तर ते नुकसान अपघाताचं नाही, तुमच्या निष्काळजीपणाचं धरतात. टोचन करून न्या. पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर त्यांची गाडी मागवा. नसेल तर साध्या पॉलिसीत कारला टोचनचे जास्तीत जास्त १,५०० रुपये मिळतात, पावती घेतली तर. क्रेनवाला रात्रीचे पाच हजार सांगतो ते वेगळं.

गॅरेज कुठलं? कंपनीच्या यादीतलं असेल तर कॅशलेस, म्हणजे कंपनी तिच्या वाट्याचे पैसे थेट गॅरेजला देते. कॅशलेस म्हणजे फुकट असं समजून लोक डिलिव्हरीला जातात आणि पंधरा-वीस हजारांचं बिल बघून ॲडव्हायझरशी भांडतात, त्या बिचाऱ्याचा काय संबंध. तुमचा वाटा तुम्हाला द्यावाच लागतो. यादीबाहेरच्या तुमच्या नेहमीच्या मेस्त्रीकडंही दुरुस्ती करता येते, आधी तुम्ही पैसे भरायचे, पक्की जीएसटीची बिलं द्यायची, मग कंपनी खात्यात टाकते. माझं मत विचाराल तर गाडी पाच वर्षांच्या आतली असेल तर शोरूम, त्याच्या पुढं चांगला डेंटिंगवाला असेल आणि पक्कं बिल देत असेल तर तोच बरा, काम मन लावून करतो. पण पक्कं बिल देत असेल तरच.

सर्व्हे, सगळा खेळ इथं आहे

आता मेस्त्रीची गोष्ट. आमचा मेस्त्री वीस वर्षं ओळखीचा, त्यानं प्रेमानं सकाळीच बंपर उघडला, फुटका रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर काढून बाजूला ठेवला, म्हणलं काम लवकर होईल. सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी आला, काढून ठेवलेला रेडिएटर बघितला आणि म्हणाला, हा याच अपघातात फुटला कशावरून? जुनाच गळका असेल. त्याच्या जागी मी असतो तर मी पण तेच म्हणलं असतं. त्यानं कंडेन्सर पास केला कारण तो समोरून पार वाकलेला होता, पण रेडिएटर कापला.

म्हणून पहिला नियम, सर्व्हेअर बघून फोटो काढत नाही तोवर एक स्क्रू हलवायचा नाही. मेस्त्रीला हात जोडून सांगा. बाहेरून न दिसणारं नुकसान असेल तर सर्व्हेअरलाच सांगायचं की खोलल्यावर परत बघा, त्याला गॅरेजमध्ये सप्लिमेंटरी म्हणतात, म्हणजे पुरवणी एस्टिमेट, आणि ते त्याच्यासमोरच खोलायचं.

दुसरा नियम, त्या वेळी तुम्ही स्वतः तिथं हजर पाहिजे. सुट्टी काढा, काहीही करा. नाहीतर होतं काय की गॅरेजचा फोरमन आणि सर्व्हेअर, दोघं रोज भेटणारे, दहा मिनिटांत बोलून मोकळे होतात, कुठला पार्ट बदलायचा आणि कुठला ठोकून सरळ करायचा हे ठरतं आणि तुम्हाला कळतं डिलिव्हरीला. त्यात कुणाचा वाईट हेतू असतोच असं नाही, सर्व्हेअरला दिवसात सांगली, मिरज, तासगाव करत पाच-सहा गाड्या बघायच्या असतात. तुम्ही शेजारी उभं राहून शांतपणे दाखवायचं, साहेब दरवाजाची फट बघा, अपघाताआधी अशी नव्हती, स्टिअरिंग डावीकडं ओढतंय, हा दिवा बाहेरून धड दिसतो पण आतनं लॉक तुटलंय. आणि जुना ओरखडा, मागच्या वर्षीचा पोचा यात घुसवू नका, त्याला ते एका नजरेत कळतं आणि मग तुमच्या खऱ्या गोष्टीवरही तो विश्वास ठेवत नाही.

मोठ्या रकमेच्या क्लेमला परवानाधारक सर्व्हेअरच लागतो, लहान कामाला हल्ली व्हिडिओ कॉलवर पण उरकतात. २०२४ मध्ये आयआरडीएआयनं जे नियम सुधारले त्याप्रमाणं क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याचा रिपोर्ट नेमणुकीपासून १५ दिवसांत यायला पाहिजे, आणि रिपोर्ट आल्यापासून ७ दिवसांत कंपनीनं निर्णय द्यायचा. हे तीन आकडे पाठ करा. "साहेब, प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर आलं की मेलमध्ये हे आकडे आणि तारखा लिहायच्या, बोलण्याची भाषाच बदलते.

काढलेले जुने पार्ट फेकू देऊ नका. दुरुस्तीनंतर परत तपासणी असते तेव्हा ते दाखवावे लागतात, आणि त्यांची भंगारकिंमतही बिलातून कापतात.

पैसे कुठं कापले जातात

इथं सगळ्यांची चिडचिड होते म्हणून माझ्याच गाडीचा हिशोब मांडतो. गाडी सव्वापाच वर्षांची, १,२०० सीसी, झिरो डेप नाही, म्हणजे घसारा न कापण्याचा ॲड-ऑन, जादा हप्ता भरून घ्यायची जोड, घेतलेला नव्हता. एस्टिमेट आलं ५४,००० चं. प्लास्टिक आणि रबराच्या वस्तूंना सरसकट ५० टक्के घसारा, म्हणजे वस्तू जुनी होते म्हणून कापायचे पैसे, मग गाडी काल घेतलेली असली तरी. म्हणजे बंपर ६,००० चा, मिळणार ३,०००, दिवा ५,००० चा, मिळणार २,५००. पत्र्याचा, लोखंडाचा घसारा वयाप्रमाणं वाढतो, पहिले सहा महिने काही नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, मग १०, १५, २५, ३५, आणि पाच वर्षांच्या पुढं दहापर्यंत ४० टक्के. बॉनेट १२,००० चं, मिळणार ७,२००. रेडिएटर आणि कंडेन्सर मिळून १०,०००, मिळणार ६,०००, आणि त्यातला रेडिएटर आधी कापलेला. काचेला घसारा नाही, ७,००० ची काच पूर्ण मिळाली. रंगकामात बिलाच्या २५ टक्के मटेरियल धरतात आणि त्यावर निम्मा घसारा, म्हणजे ८,००० च्या बिलात १,००० गेले. मजुरी ६,००० पूर्ण. एकूण ३८,७००, त्यातून सक्तीचे कापायचे १,००० रुपये, ही रक्कम १,५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० आणि त्याच्या वर २,००० असते. हातात ३७,७००, रेडिएटर धरला तर. कूलंट, एसीचा गॅस, क्लिपा, नटबोल्ट हे किरकोळ आपल्याच खिशातून.

झिरो डेप, ज्याला बंपर टू बंपर म्हणतात, ते असतं तर घसाऱ्याचे १५,३०० वाचले असते, पण ते १,००० तरीही कापलेच असते आणि किरकोळ सामानासाठी कन्झ्युमेबलचा ॲड-ऑन वेगळा घ्यावा लागतो. वर्षाला किती वेळा वापरता येतं याला पण बहुतेक पॉलिसीत मर्यादा असते.

सर्व्हेअरनं अमुक पार्ट का कापला ते फोनवर विचारू नका, मेलवर विचारा आणि असेसमेंट शीट मागा, पार्टवार. शीट हातात आलं की गॅरेजच्या एस्टिमेटशेजारी ठेवून एकेक ओळ बघायची. धातूच्या वस्तूला प्लास्टिकचा घसारा लावलेला सापडतो कधी कधी, मुद्दाम असेल असं म्हणत नाही, घाईत होतं.

क्लेम करायचाच का, हे आधी ठरवा

क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केलेल्या वर्षांबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा पाच वर्षांत चढतो आणि एका क्लेमला धपकन शून्यावर येतो. तुम्ही ५० टक्क्यांवर असाल तर पुढच्या वर्षी ५० चं नुकसान, त्याच्या पुढं ३०, मग २५, १५, ५, सगळी बेरीज १२५ टक्के. म्हणजे बोनस वजा करायच्या आधीचा तुमचा ओन डॅमेजचा हप्ता ८,००० असेल तर क्लेमची खरी किंमत साधारण १०,००० रुपये, वर्षागणिक हप्ता उतरतो त्यामुळं जरा कमीच. बोनस नुसता ओन डॅमेजच्या हप्त्यावर असतो, थर्ड पार्टीच्या नाही, एवढं लक्षात ठेवा. सात-आठ हजारांचा बंपर असेल तर मी तरी खिशातून करीन. मागं एकानं चार हजारांच्या आरशासाठी बोनस घालवला आणि रिन्यूअलला एजंटवर ओरडत बसला.

कागदं

क्लेम फॉर्म, आरसी, चालवणाऱ्याचं लायसन्स, पॉलिसी, पोलीस नोंद असेल तर ती, एस्टिमेट, नंतर बिलं, केवायसीला आधार आणि पॅन, रद्द केलेला चेक. फॉर्म गॅरेजवाल्याला कोरा सही करून देऊ नका, अपघाताचं वर्णन स्वतःच्या हातानं लिहा, मराठीत लिहिलं तरी चालतं. पीयूसी संपलेली होती म्हणून क्लेम मिळणार नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, नुसत्या त्या कारणावर क्लेम नाकारता येत नाही असा खुलासा आयआरडीएआयनं २०२० मध्येच केलाय.

खरे खड्डे वेगळेच आहेत. जुनी गाडी घेतली, आरसी नावावर झाली पण पॉलिसी अजून आधीच्या मालकाच्याच नावानं आहे, हा सगळ्यात मोठा. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी नावावर करायला अर्ज द्यावा लागतो, नाहीतर थर्ड पार्टी चालू राहतं पण स्वतःच्या गाडीचा क्लेम अडकतो. दुसरा, बाहेरून सीएनजी किट बसवलं आणि ना आरसीवर नोंद ना पॉलिसीत. तिसरा, पांढऱ्या पाटीच्या गाडीनं भाडं मारणं, साताऱ्याहून पुण्याला एअरपोर्टचं भाडं घेऊन जाताना ठोकली आणि मागं बसलेल्यानं सरळ सांगितलं मी तीन हजार दिलेत. चौथा, दारू, आणि पाचवा, लायसन्सची मुदत संपलेली. या दोघांत मी काय सल्ला देणार.

सांगलीकरांसाठी एक वेगळी ओळ. २०१९ आणि २०२१ च्या पुरात किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण बघितलंय. आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशाऱ्यावर गेलं की गाडी वरच्या भागात नेऊन लावा, आणि तरीही पाण्यात गेलीच तर पाणी उतरल्यावर चावी फिरवू नका. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतात आणि कंपनी म्हणते हे पुरानं नाही, तुम्ही चालू केल्यानं झालं. इंजिन प्रोटेक्टचा ॲड-ऑन नसेल तर तिथंच लाखभराची चाट. टोचनच.

गाडी पार गेली असेल तर, किंवा माणूस जखमी असेल तर

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस. आयडीव्ही ३ लाख असेल तर सव्वादोन लाख ही रेघ. मग दुरुस्ती नाही, आयडीव्हीतून १,००० कापून पैसे, आणि गाडीच्या सांगाड्याचं काय करायचं ते लेखी ठरवून घ्या. गाडी भंगारात कुणीतरी घेऊन गेलं पण आरसी तुमच्याच नावावर राहिली, असं होऊ देऊ नका. बँकेचं किंवा पतपेढीचं कर्ज असेल तर पैसे आधी तिकडं वळतात. स्वस्त हप्त्याच्या नादात आयडीव्ही कमी करून घेतलेल्यांना इथं रडू येतं.

कुणी जखमी झालं किंवा दगावलं तर तो मामला मोटार अपघात न्यायाधिकरणात जातो. तुमच्या नावानं समन्स आलं की त्याच दिवशी कंपनीला पाठवा, घरात ठेवून देऊ नका. आणि नुकसान तुमचं झालं असेल, माणसाचं, तर आता दावा अपघातापासून ६ महिन्यांत दाखल करावा लागतो, पूर्वीसारखं निवांत चालत नाही. तिथं मात्र वकील बघाच. ट्रॉलीवाल्याच्या कंपनीकडून माझ्या पत्र्याचे पैसे मागता आले असते का? आले असते, पण त्यात वर्षं जातात, स्वतःच्या पॉलिसीतून घेणं सोपं.

नाकारलं किंवा कमी दिलं तर

आमच्या रेडिएटरकडं येतो. मी मेलवर सर्व्हेअरला आणि कंपनीला दोघांना तो व्हिडिओ पाठवला, कूलंट वाहतंय तो सेकंद सांगून, सोबत पोलीस नोंदीची प्रत आणि मेस्त्रीचं पत्र. आठ दिवस काही नाही. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं, हा माणूस प्रत्येक कंपनीत असतो आणि त्याचा मेल पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर छापलेला असतो, जिथं कुणी बघत नाही. त्यांना १४ दिवस असतात. तिथं नाही झालं तर आयआरडीएआयचं विमा भरोसा पोर्टल, किंवा १५५२५५ वर फोन.

त्याच्या वर विमा लोकपाल. सांगली-साताऱ्यासाठी ऑफिस पुण्याला आहे. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार घेतात. अट एवढीच की आधी कंपनीला लेखी तक्रार केलेली पाहिजे, एक महिना वाट बघितलेली किंवा नकार आलेला पाहिजे, आणि नकारापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग, सांगलीत आहे, साताऱ्यात आहे, मुदत दोन वर्षं, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. माझ्या मते लहान रकमेला लोकपालच बरा.

आणि पैसे देताना कंपनी "पूर्ण समाधान, आता काही देणं नाही" अशा कागदावर सही मागते तेव्हा घाई करू नका. रक्कम पटत नसेल तर सहीच्या वर "हरकत राखून रक्कम स्वीकारली" असं लिहा आणि फोटो काढून ठेवा. त्यावर कुरकूर करतात, तरी लिहा.

माझं लोकपालापर्यंत गेलं नाही. तक्रार अधिकाऱ्याला लिहिल्यावर अकराव्या दिवशी सर्व्हेअरचा फोन आला, व्हिडिओ परत पाठवा म्हणाला, मी परत पाठवला. रेडिएटरच्या ३,००० ची आशा होती पण त्याच्यासोबत लागणारा पंखा आणि त्याची मजुरीही पुरवणीत धरली गेली आणि सगळे मिळून सहा हजार वाढले. मेस्त्रीनं फुटका रेडिएटर पोत्यात बांधून अजून माळ्यावर ठेवलाय, मी नेत नाही आणि तो टाकत नाही.